साडेचार तासांची ओळ

तोंगोय, ३ मार्च १९९६

प्रिय लिसान्द्रो,

तुझं पत्र पोचलं. अख्ख्या पत्रात थंडी, वारा नि धूळ, आणि सगळ्यात शेवटी, जणू मीठ संपलंय असं सांगावं तसं, 'परवा पहाटे ट्रकवर जरा डोळा लागला.' अरे, ट्रक दोनशे टनांचा, रस्ता खाणीच्या कड्याचा, त्यावर 'जरा' डोळा लागतो होय? ते वाचल्यापासून माझ्याच झोपेचं खोबरं झालंय.

मी गावच्या दवाखान्यात नुसती सहायक. पण मागच्या महिन्यात सान्तियागोहून एक डॉक्टर झोपेवर बोलायला आले होते, आणि मी पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेतलं. झोप सरळसोट नसते. तिचे दीड-दीड तासाचे फेरे असतात. प्रत्येक फेऱ्यात माणूस खोल जातो नि परत वर येतो. वर आलेला असताना उठवलं तर ताजा उठतो. तळाशी असताना घड्याळ वाजलं तर डोकं दिवसभर जड.

आता तुझं बघ. रात्रपाळी संपवून तू सकाळी दहाला पडतोस. झोप लागायला पाव तास धर. सव्वादहा ते सव्वाचार म्हणजे चार फेरे पूर्ण. तू उठतोस पाचला, म्हणजे पाचव्या फेऱ्याच्या मध्यावर, विहिरीच्या तळाशी! डोकं दुखणार नाही तर काय होणार? सव्वाचारला उठ. तक्ता करून पाठवतेय. हिरवं म्हणजे उठायची वेळ, लाल म्हणजे तेव्हा उठायचं नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटव आणि पंधरा दिवस पाळून मला खरं खरं कळव.

वीस दिवस काम नि दहा दिवस सुट्टी, तरी दोन वर्षांत तू तीनदा घरी आलास. ह्या वेळी तरी ये.

नोल्फाताई


छावणी, १९ मार्च

ताई,

तक्ता मिळाला. रंगीत पेन्सिली विकत आणल्यास की शाळेतल्या पोरांच्या चोरल्यास?

तू सांगितलंस तसंच करतोय. खिडकीच्या काचेला चंदेरी कागद लावलाय, दारावर 'झोपलोय' अशी पाटी. दहाला पडतो, सव्वाचारला उठतो. ताई, खरंच फरक आहे. माणसात आलो. पहाटेची गुंगी गेली. तुझे ते डॉक्टर भेटले तर माझा नमस्कार सांग.

माझ्या खोलीतला ओसिएल कार्मोना, मागे सांगितलं होतं बघ, ओवाय्येचा, दारातून आडवा होऊन आत येतो एवढा धिप्पाड. तो तक्ता बघून हसला. त्याला गरजच नाही, उशीला डोकं टेकलं की ढाराढूर, सात तास घोरतो. पण मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, मग त्यानेही घड्याळ सव्वाचारला लावलं. म्हणाला, 'तुझ्या ताईचं अक्षर डॉक्टरांसारखं नाहीये, म्हणजे खरं असणार.'

एक विचारायचं होतं. कधी बस उशिरा आली किंवा काही काम निघालं आणि सहा तास मिळालेच नाहीत, तर? त्याहून कमी वेळेचं काही आहे का तक्त्यात?

सुट्टीत अंतोफागास्तालाच राहतो. तोंगोयपर्यंत बसने एक दिवस जायला, एक यायला, हाती राहतं काय?

लिसान्द्रो


तोंगोय, २ एप्रिल

प्रिय लिसान्द्रो,

'माणसात आलो' हे दोनदा वाचलं. दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, अगदी दात काढायला आलेल्या आजोबांनाही. त्यांच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे त्यांनी ऐकून घेतलं.

कमी वेळेचं विचारतोस, तर आहे. तीन फेरे म्हणजे साडेचार तास. पाच तास झोपून मध्यात उठण्यापेक्षा साडेचार बरे. नवा तक्ता पाठवतेय, त्यात शेवटची ओळ तीच आहे, हिरव्या रंगात. पण नीट ऐक. ही ओळ रोजची नाही. भावकीत कुणी वारलं, बस बंद पडली, अशा एखाद्या दिवसापुरती. लागोपाठ दोन दिवससुद्धा नको. अंगाला पुरेशी झोप लागतेच, फेरे पूर्ण झाले म्हणून साडेचार तास पुरतात असं थोडंच आहे?

आणि मोजायचं ते झोप लागल्यापासून, आडवा झाल्यापासून नव्हे. तुला पाव तासात लागते ना रे?

अंतोफागास्तात कुणी बाई आहे का? असेल तर सांगून टाक. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मी काही तिला खात नाही. शिंपल्यांचं कालवण करून घालीन.

ओसिएलला म्हणावं, सात तास येत असतील तर झोप बाबा, माझ्या तक्त्याच्या नादी कशाला लागतोस? पण त्याला फरक वाटत असेल तर माझी ना नाही.

नोल्फाताई


छावणी, ११ मे

ताई,

तू मोठी झालीस! आमचे पाळीप्रमुख बारासा खोली तपासायला आले होते. कपाट उघडं होतं. तक्ता बघितला, म्हणाले, 'हे कुणी केलं?' मी म्हणालो, 'माझी बहीण, दवाखान्यात असते.' घेऊन गेले. चार दिवसांनी बघतो तर जेवणघराच्या भिंतीवर टंकलेला तक्ता, काच लावून, खाली तुझं नाव: 'नोल्फा आराया, आरोग्य विभाग'. ओसिएल तुझ्या नावाला रोज टोपी काढून सलाम करतो.

आता रात्रपाळीवाल्यांना साडेतीनला सुरक्षेचा वर्ग असतो. आधी तो पाळीच्या वेळात व्हायचा, तेव्हा ट्रक थांबायचे. बारासांनी तो झोपेच्या बाजूला सरकवला. कुणीतरी कुरकुर केली तर भिंतीकडे बोट करून म्हणाले, 'पावणेतीनला उठा. साडेचार तास, तीन फेरे पूर्ण, बघा की, हिरवा रंग आहे. हे शास्त्र आहे, तुमच्यासारखी उचलली जीभ लावली टाळ्याला असं नाही.'

ओसिएल काटेकोर पाळतो. मीही. ठीक चाललंय. बाई वगैरे कुणी नाही.

लिसान्द्रो


तोंगोय, २० मे

लिसान्द्रो,

पत्र वाचून पहिल्यांदा मी आरशात बघितलं. आरोग्य विभाग! लादी पुसणारी मी. खोटं कशाला बोलू, तासभर मी हवेत होते.

मग वर्गाचं वाचलं नि खाली आले. रोज पावणेतीनला उठता तुम्ही? रोज? त्या ओळीबद्दल मी काय लिहिलं होतं, ते भिंतीवर टंकलंय का? का ते नुसतं पत्रातच राहिलं? ती टीप मी तक्त्यावर लिहायला हवी होती. जागा उरली नव्हती म्हणून पत्रात लिहिली. माझं चुकलं. तू आजच्या आज बारासांना ते पत्र दाखव. हवं तर मीच त्यांना लिहिते, पत्ता दे.

आणखी एक. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमची छावणी आहे तशा चार हजार मीटर उंचीवर माणूस झोपेत श्वासासाठी धडपडत उठतो, तिथे हे फेरे सरळ चालत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं तसं होतं का? मला घड्याळाच्या वेळा नकोत. झोप लागते का, एवढं सांग.

नोल्फाताई


तोंगोय, १४ जून

लिसान्द्रो,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. परवा रेडिओवर सांगितलं, उत्तरेकडच्या एका खाणीत ट्रक कड्यावरून गेला, चालक वारला. नाव सांगितलं नाही. छावणीचा फोन लागत नाही. मी दोन रात्री बसून आहे. एका शब्दाचं का होईना, पण पत्र टाक. बसवाल्याच्या हातीच दे, टपालात नको.

नोल्फा


छावणी, १७ जून

ताई,

मी आहे. ओसिएल गेला.

बुधवारी पहाटे पावणेसहाला. दगडमातीची खेप टाकायच्या कड्यावर तो पुढे, मी मागे. जागं राहायला आम्ही रेडिओवर एकमेकांना कोडी घालतो. मी कोडं घातलं होतं: पाय नाहीत तरी पळतं, तोंड नाही तरी गातं. उत्तर नदी, लहान पोरही सांगेल. त्याचं उत्तर आलं नाही. ट्रक उलटा जात राहिला, बांधावर चढला नि पलीकडे गेला. ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. खाली जायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. चौकशी झाली. ओसिएल दिवसा पत्ते खेळत बसायचा, झोपायचाच नाही, तक्ता पाळायचा नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं. तुझ्या तक्त्याचा ह्यात काही संबंध नाही. तुझं नाव कुठेही आलेलं नाही.

गेटाबाहेरच्या वळणावर पोरांनी त्याच्या आठवणीची अनिमिता बांधली. पत्र्याचं छोटं घर, आत मेणबत्ती नि त्याचे हातमोजे. वाऱ्याने मेणबत्ती टिकत नाही.

लिसान्द्रो


तोंगोय, २ जुलै

लिसान्द्रो,

रविवारी ओवाय्येला गेले होते. ओसिएलच्या बायकोकडे, ओर्फेलिनाकडे. तुझ्या मित्राच्या घरी कुणीतरी आपल्याकडचं जायला हवं, एवढंच मनात होतं. मी नाव सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "म्हणजे तक्तावाल्या नोल्फाताई त्या तुम्हीच?"

तिने चहा केला, घरचा पाव नि कुस्करलेलं पाल्ताचं फळ पुढे ठेवलं. दोन मुली आहेत, एक सहाची, एक चारची. मोठीने मला विचारलं, "पत्ते खेळलं की माणूस मरतो का?" शाळेत कुणीतरी तिला सांगितलंय. ओर्फेलिना म्हणाली, "ताई, त्याला पत्ते कुठे येत होते? राजा कुठला नि गुलाम कुठला, हेसुद्धा कळायचं नाही त्याला! लग्नात त्याला डाव शिकवायला माझे चार भाऊ बसले होते, चौघांनी हात टेकले. आणि खाणीच्या कागदावर लिहिलंय, पत्त्यांपायी जागायचा. खाली सही आहे तुमच्या भावाची."

सही तुझी आहे. ती मी डोळ्यांनी बघितली.

मग ती म्हणाली, "सुट्टीतही तो तुमच्या कागदाप्रमाणे उठायचा. साडेचार तास झाले की घड्याळ. मी म्हणायचे, झोप की रे जरा, इथे कोण बघतंय? तर म्हणायचा, सवय मोडली की वर गेल्यावर त्रास होतो. मग मुलींना घेऊन नदीवर जायचा. मला बरं वाटायचं हो, मुलींना बाप मिळतोय म्हणून. तुमच्या नावाने देवळात मेणबत्ती लावली होती मी."

मी पाव तसाच ताटलीत ठेवला. तिने तो कागदात बांधून दिला, वाटेत खा म्हणून.

आता मला घड्याळ, पाटी, चंदेरी कागद काही सांगू नकोस. जे झालं ते लिही.

नोल्फा


छावणी, १५ जुलै

ताई,

लिहितो.

मी तुझा तक्ता एक दिवसही पाळला नाही. पाळता येण्यासारखा नव्हताच. मी दहाला पडतो आणि बारापर्यंत छताकडे बघत असतो. डोळा लागला की श्वास अडकतो, दचकून उठून बसतो. पुन्हा पडतो, पुन्हा तेच. सगळं मिळून दोन तास, फार तर अडीच. चार वर्षं असंच. डॉक्टरांकडे गेलो तर 'उंची मानवत नाही' असा शिक्का मारतात नि खाली पाठवतात. मग पुन्हा ट्रक कुणी देत नाही. माझ्यासारख्याला ट्रकशिवाय दुसरं काय येतं?

सुट्टीत घरी येणं टाळत होतो ते ह्याचसाठी. माझे आत्ताचे डोळे बघितले असतेस तर तू मला परत जाऊच दिलं नसतंस.

साडेचार तासांची ओळ मी स्वतःसाठी मागितली. वाटलं, जे थोडं मिळतं त्यातही काही शहाणपण असेल. आणि तुला 'माणसात आलो' लिहिलं, कारण तू इतक्या हौसेने रंगवलेलं. ते तिथेच थांबलं असतं तर चाललं असतं. पण ओसिएलने विचारलं, 'तुला खरंच फरक पडला का रे?' मी म्हणालो, 'हो, पडला की.' त्याने माझ्या शब्दावर सात तासांचे सहा केले. मग वर्ग आला नि सहाचे साडेचार. शेवटी शेवटी तो जेवता जेवता झोपायचा, हातात चमचा तसाच. मी बघत होतो. एकदा म्हणाला, 'तुला कसं जमतं? माझंच काहीतरी कमी आहे.' तेव्हाही मी त्याला खरं सांगितलं नाही. मी जागा राहतो हिरव्या मिरच्या चावून नि मांडीला चिमटे काढून. हे त्याला शिकवायला हवं होतं, तक्ता नव्हे.

तुझं टीपेचं पत्र मी बारासांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, साडेचार तासांची ओळ मागितली कुणी नि कशासाठी.

अपघातानंतर बारासांनी मला बोलावलं. कागद लिहून तयार होता. म्हणाले, 'तक्ता तुझ्या बहिणीचा, नाव तिचं, दवाखाना सरकारी. चौकशीत तो आणायचा का? तूच ठरव. नाहीतर पत्त्यांचं कारण आहेच, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?' मी सही केली. तुझ्यासाठी केली असं मी स्वतःला सांगत होतो. अर्धी माझ्यासाठी होती. कदाचित अर्ध्याहून जास्त.

लिसान्द्रो


तोंगोय, २४ जुलै

लिसान्द्रो,

तुझं पत्र मी चुलीजवळ उभी राहून वाचलं. एकदा वाटलं, टाकावं आत. तू माझा भाऊ आहेस, तेरा वर्षांनी धाकटा, आई गेल्यावर माझ्या कडेवर वाढलेला. टाकलं नाही.

मला तुझा राग आलाय. तो इतका आहे की शब्द सापडत नाहीत, म्हणून कामाचंच लिहिते. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला तूर्त औषधांपासून बाजूला केलंय, चौकशी होईपर्यंत फक्त लादी. बरोबरच केलं. ज्या उंचीवर मी कधी गेले नाही, तिथल्या माणसांना मी उठायची वेळ सांगितली.

ह्या सगळ्यात ओसिएलची चूक कुठेच नाही, आणि कागदावर फक्त त्याचीच आहे. हे मी सहन करणार नाही.

तुझी सगळी पत्रं, पहिल्यापासून ह्या शेवटच्यापर्यंत, माझ्यापाशी आहेत. ओर्फेलिनाने खाणीच्या त्या कागदाविरुद्ध अर्ज केलाय, त्याची सुनावणी ९ ऑगस्टला आहे. त्याच्या आत तू स्वतः जाऊन जबाब बदल. नाही बदललास तर ९ तारखेला मी ओर्फेलिनाच्या शेजारी बसेन आणि पत्रं वाचेन. तुझ्यावर सूड म्हणून नव्हे. त्या सहा वर्षांच्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं की तिचा बाप पत्ते खेळत नव्हता.

माझं नाव घालायचं तर खुशाल घाल.

नोल्फा


अंतोफागास्ता, १२ ऑगस्ट

ताई,

सुनावणीला तू मला लांबून बघितलंस नि जवळ आली नाहीस. मला ते कळलं. म्हणून लिहितोय.

५ तारखेलाच मी बारासांसमोर गेलो होतो. म्हणालो, जबाब बदलायचाय. ते रागावले नाहीत. चष्मा पुसला नि म्हणाले, 'जरूर. मग तुझ्या झोपेचीही तपासणी करू, आजच.' संध्याकाळपर्यंत शिक्का बसला. ट्रकची किल्ली घेतली, खोली रिकामी करायला एक तास दिला. जेवणघरातून निघताना बघितलं, तक्त्यावरचं तुझं नाव कापून टाकलंय. बाकीचा आहे तिथेच आहे. वर्गही साडेतीनलाच आहे. नवी बॅच आलीय, त्यातला एक जण आपल्या वहीत तो उतरवून घेत होता. मी त्याला सांगितलं, ह्यावर विश्वास ठेवू नकोस. तो म्हणाला, 'तुम्हालाच काढलंय ना?'

आता निकालाचं. माझ्या नव्या जबाबावरून पत्त्यांची ओळ काढली. ओर्फेलिना रडली तेव्हा मला वाटलं, झालं. पण तिच्या जागी जे लिहिलंय ते तू घाईत निघालीस म्हणून ऐकलं नसशील. 'मयत चालक व सहकारी या दोघांनीही आपल्या झोपेच्या अडचणी वरिष्ठांपासून लपवल्या.' मी लपवल्या होत्या. ओसिएलला अडचण होतीच कुठे? मी उभा राहून हे सांगितलं. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं नोंदवलं. पण लिहिणारा कारकून दुसराच कागद काढून बसला होता.

बाहेर ओर्फेलिना माझ्यासमोर आली. मला वाटलं, थोबाडीत मारेल. ती म्हणाली, "तो शेवटी काय बोलला?" मी म्हणालो, कोडं घातलं होतं मी, उत्तर दिलं नाही त्याने. ती म्हणाली, "त्याला येत होतं ते. मुलींना त्यानेच शिकवलं होतं." आणि गेली.

तिथून बस पकडून मी इथल्या खोलीवर आलो. ५ तारखेला खाली आल्यापासून सुनावणीच्या विचाराने डोळा लागला नव्हता. दुपारी तीन वाजले असतील. बूट काढायचंही भान नव्हतं, गादीवर बसलो नि आडवा झालो. समुद्राकाठची जड हवा, खिडकीला कागद नाही, खाली रस्त्यावर मासेवाला ओरडत होता. जाग आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. सोळा तास, ताई. एकदाही श्वास अडकला नाही. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ, भूक लागली होती. चार वर्षांत असं झालं नव्हतं, सुट्टीतही नाही; परत वर जायच्या धास्तीने इथेही दचकून उठायचो. त्यासाठी मला फक्त कायमचं खाली यायचं होतं. एवढंच करायचं होतं आणि ते मी कधीही करू शकलो असतो.

इतकी गाढ झोप मला लागायला नको होती.

लिसान्द्रो